डोळे आखणारी मुलगी

माझ्या क्लासात दगड बसवला तरी त्याला गणितात ऐंशी मार्क पडतात, असं मी एकोणीसशे नव्वदच्या सुमारास पेणभर सांगत फिरायचो. निम्मं पेण ते खरंही मानायचं.

हमरापूरची एक मुलगी यायची. तिच्या घरचा गणपतींचा कारखाना. मूर्तींचे डोळे आखायचं काम तिचं. श्रावणात तिची दांडी ठरलेली. एकदा भर वर्गात मी म्हणालो, "देवाला डोळे काढून मार्क मिळत नाहीत गो! ब्रश ठेव." पोरं खदखदून हसली. तिने ब्रश ठेवला. दहावीत पहिली आली. मी इतके पेढे वाटले की पेणच्या माशाही लठ्ठ झाल्या.

सात वर्षांनी घरच्या गणपतीची मूर्ती आणायला तिच्या कारखान्यात गेलो, तर ही पदवीधर पोरगी कच्च्या मूर्तींना पॉलिश पेपर घासत बसलेली. डोळे तिची वहिनी आखत होती.

"तू का नाय आखत?" मी विचारलं.

"हात थरथरतो, सर. सवय गेली. नोकरी पण नाय लागली." माझी मूर्ती हातात देत ती म्हणाली, "भावाची पोरगी दहावीला हाय. तिला तुमच्याकडे नाय धाडणार."

त्या वर्षी आरतीत सगळ्यांत मोठा आवाज माझाच होता. मूर्तीच्या डोळ्यांकडे मात्र मी बघितलं नाही.