अंडीतात्यांचा श्रावण

आमच्या वडीगोद्रीत अंड्यांची काळजी वाहणारा एकच माणूस होता, आणि त्याने जन्मात अंडं तोंडात घातलं नव्हतं. आमचे शेजारी, अंडीतात्या. वासानेच त्यांना मळमळायचं. पण बोलायला लागले की वाटावं, देशभरच्या अंड्यांचा कारभार यांच्याच अंगावर आहे.

बरं, बोलणं खोटं नसायचं. हायवेवरून अंड्यांचा ट्रक गेला की बांधावर उभे राहून मला ऐकवायचे, "वैनी, आपला मका हैदराबादकडं जातो अन् अंडं होऊन वापस येतो. मधला पैसा तिकडंच उतरून राह्यलाय." मग पुढचा जमाना अंड्याचाच कसा, ते सुरू. डाळ महागली, दूध पातळ झालं, पोरांना ताकद कुठून येणार? मी कापूस वेचता वेचता हो हो म्हणायची. नाही म्हटलं तर पुन्हा मक्यापासून सुरुवात.

शेवटी एका होळीला त्यांनी पिलं आणलीच. त्यासाठी बायकोच्या, म्हणजे मंगलच्या, दोन म्हशी गेल्या. मंगल एवढंच म्हणाली, "अंडी खपली न्हाईत, तर कोंबड्याबी बाजारात." तात्यांनी दाणा, लस, पाणी सगळं बराबर सांभाळलं. पिलू पाच महिन्यांनी अंड्यावर येतं हे त्यांना पाठ. पाच महिन्यांनी कोणता महिना येतो, तेवढं बघायचं राहिलं. कोंबड्या अंड्यावर आल्या त्या ऐन श्रावणात.

गावात अंड्याला कोणी हात लावेना. ओसरीत ट्रेवर ट्रे चढले. मंगल म्हणाली की यांना आधी श्रावण शिकवायला हवा होता, आणि कोंबड्यांना नाही, तात्यांना. कोंबड्या नेणाऱ्या व्यापाऱ्याला तिने निरोपही धाडला.

राखीला तात्या तोंड पाडून जालन्याला बहिणीकडे गेले. तिचं घर लोखंडाच्या कारखान्यापाशी, भोवती उत्तरेकडच्या कामगारांच्या खोल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तर खोलीखोलीतून ऑम्लेटचा वास. त्या लोकांचा सावन आपल्याआधी पंधरा दिवस लागतो अन् राखीला संपतो. महिनाभराच्या उपाशी जिभा त्या. तात्यांनी नाकाला रुमाल लावला आणि जल्दी टेम्पो ठरवला. आठवड्यात ओसरी रिकामी. मला म्हणाले, "वैनी, देश मोठा हाय. कुठं ना कुठं कुणाचा तरी श्रावण संपलेला आसतोच."

व्यापारी आला तसा चहा पिऊन गेला. पुढे शेड वाढली, तात्यांचं बोलणंही वाढलं.

गेल्या हिवाळ्यात तात्या गेले. तेराव्याचे पाहुणे पांगले नाहीत तोच तो व्यापारी पुन्हा दारात. मालक गेले, आता कोंबड्यांचं काय करता, म्हणाला. आम्हाला वाटलं, मंगल आता सुटका करून घेणार. ती उठली, पदर खोचला, दाण्याची बादली हातात घेतली.

"मालक गेले. कोंबड्या हायेत. सरका बाजूला, त्यांच्या दाण्याची येळ झाली."

मी दुसरी बादली उचलली.