चांदीची भुकटी

जालन्यातल्या मस्तगडच्या पुष्पाबाई प्लास्टिकच्या कारखान्यात मिक्सरवर होत्या. नवरा गेल्यावर तिथल्याच कामावर त्यांनी दोन लेकी वाढवल्या. २००७ साली कारखान्यानं पाण्यातले जंतू मारणाऱ्या टाक्या बनवायला सुरुवात केली. त्यासाठी प्लास्टिकात चांदीची काळपट भुकटी मिसळायची. पिशवी फोडली की ती धुरासारखी उठायची, नाकातोंडावर बांधलेल्या फडक्यालाही जुमानायची नाही.

भाची बेबीनंदा औरंगाबादेत माणसाच्या पेशींवर संशोधन करायची. सुट्टीत आली तेव्हा तिनं मावशीच्या पदरावरचा काळा थर बोटानं चोळून पाहिला.

"हे इतकं बारीक राहतं की पेशीच्या आत शिरतं, मावशी. आम्ही बशीत वाढवलेल्या फुफ्फुसाच्या पेशींवर टाकून पाह्यलं. बऱ्याच मेल्या."

"मंग आम्ही बी मरणार का?"

"बशीतल्या पेशी म्हंजे माणूस न्हाई. पण काहीच होणार न्हाई, असंबी कुणी छातीठोक सांगू शकत न्हाई."

पुष्पाबाईंच्या जिवाला घोर लागला. भाची 'हो' म्हणाली असती तर काम सोडता आलं असतं, 'नाही' म्हणाली असती तर निवांत राहता आलं असतं. हे मधलंच होतं. आणि शेजारी काम करणारी सलमा पोटुशी होती.

दुसऱ्या दिवशी सलमा पिशवी उचलायला वाकली, तशी पुष्पाबाईंनी मिक्सर बंद केला. मालक धर्मराजशेठ तरातरा आले.

"काय झालं, बाई?"

"शेठ, ही भुकटी उघड्यावर न्हाई ओतणार आम्ही."

"ट्रक दारात उभाय. आजवर कुणाला काही झालं का?"

"झाल्यावर सांगायचं का मंग?"

"ज्याला जमत न्हाई त्यानं घरी जावं."

पुष्पाबाई मिक्सरपुढंच उभ्या राहिल्या. कुणी हलेना. मग सलमा येऊन त्यांच्या बाजूला उभी राहिली. हळूहळू बाकीच्या बायाही आल्या.

शेठचा पारा चढला. "काही होत न्हाई, हे बघा," म्हणत त्यांनी स्वतःच पिशवी फोडली. काळा लोट तोंडावर आला. ठसका आवरल्यावर ते रुमालावरच्या डागाकडं पाहत राहिले आणि बाहेर गेले.

पुढं भुकटी बाहेरूनच प्लास्टिकच्या दाण्यांत मिसळून यायला लागली, त्यामुळं ती उडायची नाही. पुष्पाबाईंना मात्र मिक्सरवरून काढून पॅकिंगला बसवलं. सलमाला मुलगी झाली, धडधाकट. तरी साधा खोकला आला की पुष्पाबाई दचकायच्या आणि भाचीला फोन लावायच्या.

"कळलं का काही?"

"अजून न्हाई, मावशी."