सेलवाचून फिरणारा पंखा

माझी आई सोनईजवळच्या एका वसतिगृहात स्वयंपाक करायची. चाळीस मुलांचं दोन वेळचं जेवण, आणि करणारी ती एकटी. मी तेव्हा नगरजवळ नागापूरला, एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात सर्किट बोर्डांना सोल्डरिंग करत होते. आमच्या वस्तीतून आयटीआय केलेली मी पहिलीच मुलगी. सुट्टी असली की एसटीने आईकडे जायचे.

वसतिगृह चालवणारे सर स्वतः इंजिनीअर होते. त्यांनी तेलाच्या चौकोनी डब्यातून एक शेगडी बनवली होती. लाकडाचे बोटभर तुकडे भरायचे, वरून पेटवायचे आणि खालून पंख्याने हवा द्यायची. लाकडातून निघणारा वायू वरच्या भोकांपाशी पेटायचा. जाळ निळसर, धूर नावालाच. शेगडी खरोखर चांगली होती, हे मी आजही म्हणते. खोट होती ती पंख्यात. तो सेलवर चालायचा. सेल आठवड्यात उतरायचे, नाहीतर कोणीतरी बॅटरीत घालायला काढून न्यायचं. पंखा बंद पडला की ती शेगडी चुलीपेक्षा जास्त धुरायची. मग आई ती बाजूला सारून तीन दगडांवर पातेलं चढवायची. तिचे डोळे कायम लाल असत.

कारखान्यात एकदा प्रयोगशाळेतलं थंड करायचं एक यंत्र भंगारात आलं. त्यात काडेपेटीएवढी एक पांढरी चकती होती. पेल्टियर म्हणायचे तिला. वीज दिली की तिची एक बाजू गार पडते, दुसरी तापते. उलटं केलं, एक बाजू तापवून दुसरी गार ठेवली, तर तिच्यातूनच थोडी वीज निघते. स्टोअरकीपरला विचारून मी ती चकती घेतली.

पुढच्या पाच-सहा सुट्ट्या त्यातच गेल्या. चकती थेट जाळाजवळ लावली तर आतलं सोल्डर वितळलं असतं, म्हणून शेगडीतून एक जाड लोखंडी पट्टी बाहेर काढून तिच्यावर ती बसवली. दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियमच्या पात्या लावल्या आणि पंख्याचा वारा आधी त्यांच्यावरून जाईल असं केलं. टेपरेकॉर्डरची लहान मोटर घेतली. चकतीची वीज मोटरपुरती वाढवायला लावलेला नेहमीचा ट्रान्झिस्टर एवढ्याशा व्होल्टेजला दाद देईना, तेव्हा जुन्या रेडिओतला जर्मेनियमचा काढून लावला. सुरुवातीची काही मिनिटं सेलवर, पट्टी तापली की सेलचं कनेक्शन आपोआप तुटणार आणि पंखा शेगडीच्याच उष्णतेवर चालणार. वेग कमी-जास्त करायला एक बटण ठेवलं. डाळीला उकळी येईपर्यंत जोरात, नंतर हळू.

ज्या दिवशी ते जमलं, त्या दिवशी मी चालत्या पंख्याचे सेल काढून आईच्या हातात दिले. पंखा फिरतच राहिला. तिने वाकून डब्याच्या मागे पाहिलं.

"सोताहून फिरतोय व्हय?" ती म्हणाली. मग कितीतरी वेळ ते बटण पुढे-मागे करत बसली.

सरांनी पाहिलं तेव्हा त्यांनी माझी पाठ थोपटली. सर्किट समजावून सांग म्हणाले. कोणीतरी एवढ्या आस्थेने विचारतंय याचंच मला अप्रूप. अख्खी दुपार सांगत बसले. त्यांनी वहीत सगळं उतरवून घेतलं.

महिन्याभराने शेगडी बघायला पुण्याहून पाहुणे यायचे होते. मी रजा काढून गेले. सर पाहुण्यांना शेगडी दाखवत होते. पट्टी, चकती, सेलचं तुटणं, सगळं माझ्याच शब्दांत सांगत होते. मी दाराशी उभी होते. वाटलं, शेवटी सांगतील. पाहुण्यांतल्या एका बाईंनी मग आईलाच विचारलं, की ही पंख्याची युक्ती कोणाची.

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. सरांकडे पाहिलं.

"सरांचीच की. आमाला काय कळतंय त्यातलं?"

सरांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि पाहुण्यांचा चहा आण म्हणाले. मी आणला.

पाहुणे गेल्यावर मी आईला नको ते बोलले. तिने ऐकून घेतलं. मग भांडी घासता घासता एवढंच म्हणाली, "मला कामाला ठिवली तवा गावातली लोकं आली हुती. हिच्या हातचं आमची पोरं न्हाई खानार म्हनले. सर म्हनले, मग पोरं घरी न्या. इसरू व्हय मी ते?"

ते खरं होतं. आम्ही बौद्ध, म्हणून दोन मुलं तेव्हा खरंच घरी नेली होती, आणि सरांनी आईला काढलं नव्हतं. पण त्यांच्या एका चांगल्या वागण्याची फेड माझ्या कामाने झाली होती, आणि ती मला न विचारता झाली होती.

शेगडी पुण्याच्या प्रदर्शनात गेली. सरांचा फोटो पेपरात आला. शेगडी परत आली नाही. तशाच दहा करायच्या आहेत, पहिली इथेच येईल, असं सर सांगत राहिले. आई चुलीवर स्वयंपाक करू लागली.

पुढच्या वर्षी स्टोअरकीपरने मला बोलावून सांगितलं, तसलीच चकती आणखी एक आलीय, पाहिजे का. मी नको म्हटलं. चकती भंगाराच्या टेम्पोत गेली. त्यानंतर आई सहा वर्षं त्या धुरात राबली. सुट्टीला गेले की तिचे डोळे बघायचे आणि परत यायचे. दुसरा पंखा कर, असं ती एकदाही म्हणाली नाही.

काम सुटल्यावर ती माझ्याकडे नगरला राहायला आली. एका सकाळी चहा पिताना, काही विषय नसताना म्हणाली, "तवा तुजं नाव घ्यायला पायजे हुतं का गं?"

मी राहू दे आता म्हटलं. त्या दुसऱ्या चकतीचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.