जिया मानथांगचं उभं राहणं

चीनमधल्या दातोंगच्या कोळसा खाणीत बावीस वर्षं काढल्यावर जिया मानथांगच्या छातीत धुळीने कायमचं घर केलं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढे धरला आणि सांगून टाकलं, "गेलेलं फुफ्फुस परत येणार नाही. उरलंय ते जपा."

वय सत्तेचाळीस. टेकाडावरच्या घरापर्यंत एकसष्ट पायऱ्या. पाण्याच्या बादल्या आता बायको छाइलिएन वाहायची आणि हा मधल्या पायरीवर धापा टाकत बसायचा. डॉक्टरांच्या बोलण्यापेक्षा हेच त्याला जास्त लागायचं.

छाइलिएननेच त्याला तुआन आजीकडे नेलं. वैद्यांच्या दवाखान्यात जन्मभर मुळ्या कुटलेली ही म्हातारी रोज सकाळी बागेत चिगोंग, म्हणजे श्वासाचा जुना चिनी व्यायाम, शिकवायची. जुन्या चालीप्रमाणे लहानपणीच बांधून टाकलेली तिची पावलं मुठीएवढी होती.

"एवढ्याशा पायांवर ही मला काय शिकवणार?" तो पुटपुटला.

"उभं राहायला," आजी म्हणाली. कान तिखट होते तिचे. "ये, राहा माझ्या शेजारी."

गुडघे किंचित वाकवून, झाडाला कवेत घ्यावं तसे हात समोर गोल धरून दोघं उभी राहिली. सहाव्या मिनिटाला मानथांगच्या मांड्या लटपटल्या, त्याने जोर लावून श्वास ओढला आणि खोकत खाली बसला. आजी पाऊण तास तशीच उभी होती.

"श्वासाला कुदळ मारतोस होय रे?" ती नंतर म्हणाली. "भाताच्या हंड्यावरची वाफ बघ. दिसायला विरळ, पण झाकण उचलते. अंगातली प्राणशक्ती, आपली 'ची', तशीच असते. लक्ष नेशील तिकडे ती वळते, तिच्यामागून रक्त. तुझं सगळं लक्ष छातीत कोंडलंय. ते बेंबीखाली ने. श्वास ओढू नकोस, येऊ दे."

"न ओढता कसा येईल?"

"झोपेत कोण ओढतं? तुझी बायको?"

छाइलिएन फिसकन हसली. मानथांगला राग आला, आणि त्या रागातच तो दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. सहाची सात मिनिटं झाली. हिवाळ्यात पापण्यांवर बर्फ धरायचं, तरी तो जायचा. फेब्रुवारीत ताप आला आणि महिनाभर अंथरुणाला खिळला. उठला तेव्हा चार मिनिटांवर घसरला होता.

"सोडून दे आता," शेजारी म्हणाले.

"चारपासून सुरू करतो," तो म्हणाला.

एकदा त्याने जोशात डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या. आजीने सगळ्यांदेखत झापलं, "मी कधी म्हटलं गोळ्या फेक? डॉक्टर त्यांचं काम करतील, तू तुझं कर!"

दुसऱ्या वर्षीच्या शरदात तो पाण्याची अर्धी बादली घेऊन, न बसता, घराच्या दारात पोचला. छाइलिएनने बादली हातातून घेतली आणि तोंड फिरवून बराच वेळ रांजण भरत राहिली. एक्स-रे मात्र होता तसाच होता. डॉक्टर म्हणाले, "डाग तेच आहेत. चालणं कसं सुधारलं?"

"घाई सोडली," मानथांग म्हणाला.

त्याच आठवड्यात त्याने दवाखान्याच्या अंगणात रांगेत बसलेल्या जुन्या खाणकामगारांना आपल्यासोबत उभं राहायला हाक मारली. आधी टिंगल झाली. मग नाकाला नळी लावलेला एक जण उठला.

"किती वेळ उभं राहायचं?"

"जमेल तेवढा," मानथांग त्याच्या पाठीला हात देत म्हणाला. "उद्या पुन्हा यायचं, एवढं मात्र कबूल कर."