आईचा कॉम्प्युटर पुसताना

इब्रामपूरला आमच्या घरी एक जुना कॉम्प्युटर होता. बाबा गेल्यावर मीच तो डिचोलीहून आईसाठी नेला होता. आई शाळेत शिकवायची, निवृत्त झाल्यावर तिला रिकामं बसवेना. दुपारची जेवणं आटपली की ती कॉम्प्युटरवर टाइप करत बसे. काय लिहितेस म्हणून विचारलं की म्हणे, "असाच काय तरी," आणि स्क्रीन बंद करी.

गेल्या वर्षी गावातल्या महिला मंडळाला तो द्यायचं ठरलं. आईचा फोन आला.

"रविवारी ये आणि आतला सगळा पूस. उघडून बघू नको हां गो."

मला वाटलं, किती वेळ लागणार? फायली कचरापेटीत टाकायच्या, ती रिकामी करायची. पण ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळणारा सहकारी म्हणाला, असं पुसलेलं परत काढता येतं. नीट पुसायचं तर अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहावी लागतात. तसा एक प्रोग्राम त्याने पेन ड्राइव्हवर घालून दिला.

रविवारी सकाळी मी तो चालवला. शून्यं एकदा लिहायची की तीनदा, असं प्रोग्रामने विचारलं. मला काय कळणार? तीनदा म्हटलं. चार तास लागतील असं दिसलं. चहा पिऊन आले तर नऊ तास. नंतर सहा. काम पुढे चाललंय की मागे, तेच समजेना. दुपारी लाइट गेली, आणि आल्यावर सगळं पहिल्यापासून. मी सहकाऱ्याला फोन केला.

"एकदाच पुरे. तीनदा कशाला?"

"मग विचारतात कशाला?"

मी एकदाच निवडून पुन्हा सुरू केलं. संध्याकाळी काम किती झालं ते दाखवणारी स्क्रीनवरची पट्टी अर्ध्यावर आली, तेव्हा आई स्टूल ओढून शेजारी बसली. बराच वेळ ती पट्टीकडे बघत होती.

"थांबव गो. एक होता त्यात. तेवढा ऱ्हवूंदे."

मी थांबवलं. पण आता काहीच उघडेना, कॉम्प्युटर डिस्क ओळखेचना. पुन्हा फोन. सहकारी म्हणाला, न पुसलेल्या अर्ध्या भागात ते असेल तर मिळेलही, पण शोधणाऱ्याला जे जे सापडेल ते उघडून वाचावं लागेल. मी आईला तसं सांगितलं.

"म्हणजे तू वाचतलंस?"

"मी नाहीतर तो."

आईने स्टूल मागे सारलं. "मग नको. पूस."

"पण होतं काय त्यात?"

"तुझ्यावरच लिवलेला," असं म्हणून ती देवाकडे दिवा लावायला उठली.

मी हात तसाच कीबोर्डवर ठेवून बसले. माझ्यावरचं होतं, तर मी का वाचायचं नाही? आणि मी वाचायचं नव्हतं, तर ते राहावं असं तिला का वाटलं? तिच्यामागोमाग जाऊन विचारावं असं वाटलं, पण तिची पाठ बघून धीर झाला नाही. मी बटण दाबलं.

सकाळी उठून बघितलं तर पुसून झालं होतं. नेमका किती वेळ लागला ते मला कळलंच नाही. मंडळाच्या बायका रिक्षा घेऊन आल्या; आतली सिस्टीम त्या नव्याने घालून घेणार होत्या. कॉम्प्युटर कसा चालू करायचा ते आईने त्यांना हसत समजावलं, आणि मी वायरी गुंडाळून दिल्या.