अळणी पेज

वडिलांनी नव्वदी ओलांडली तरी डॉक्टरचं तोंड क्वचितच पाहिलं होतं. एकोणीसशे ऐंशीचं दशक सरत आलं त्या सुमाराला मात्र बंदरावरून घराकडे येणारी घाटी चढताना ते मध्येच बसू लागले, संध्याकाळी पाय सुजू लागले. मुंबईचा भाऊ येऊन त्यांना घेऊन गेला आणि त्याने मोठ्या इस्पितळात दाखवून परत आणून सोडलं. मला म्हणाला, "वयाचं आहे. मीठ तोड, बाकी काही नाही."

लग्न न करता घरी राहिलेली मी. शाळेत शिकवून आले की स्वयंपाकघरात माझंच राज्य. मीठ तोडलं. पेज अळणी, आमटी अळणी, आणि त्यांना एकट्याला वाईट वाटू नये म्हणून माझंही ताट अळणी. अधूनमधून गावातले डॉक्टर त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळून प्रेशर बघायचे. ते अगदी तरण्या माणसासारखं! मी आळीभर सांगत सुटायची, हा माझ्या आमटीचा प्रताप. ऐकणारे हसून मान डोलवायचे.

एका शनिवारी शाळा लवकर सुटली. घरात वडील नव्हते. शेजारणीच्या पडवीत डोकावले तर त्यांच्यापुढे पेजेचं ताट आणि हातात खारातली कैरी, मिठाच्या पाण्यात मुरलेली, आवडीने चोखत बसलेले. मी शेजारणीवर तुटून पडले. तीही ऐकून घेणारी नव्हती.

"माझ्यावर कशाला डाफरतेस गो? तुझ्या भावानंच सांगितलान, मागतील ते घाला म्हणून. हातावर बघतात तो दाब नाय वाढलेला. हृदयातून फुफ्फुसात रक्त जातं ना, तिथला वाढलाय. ह्या वयात त्याला इलाज नाय, वरीस निघालं तरी खूप म्हणाला मुंबईचा डॉक्टर. आख्ख्या आळीला ठाऊक हाय."

म्हणजे मी प्रेशरची फुशारकी मारत होते तेव्हा ही सगळी माणसं माझी कीव करत होती. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी वडिलांकडे वळले.

"तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी बाठा ताटात ठेवला. "होतं."

"मग मला इतके महिने अळणी का शिजवू दिलंत?"

त्यांना धाप लागली होती. ती जरा बसल्यावर म्हणाले, "मी गेल्यावर तुला म्हणता यायला हवं ना, मी काही कमी केलं नाही म्हणून."

इतका संताप मला त्यांचा कधीच आला नव्हता. केसाने गळा कापला होता माझा, आणि तोही मायेने. मी घरी आले आणि आमटीचं पातेलं परसात उपडं केलं.

ते थंडीत गेले. माणसं भेटायला येत होती. जो तो माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणे, तू काही कमी केलं नाहीस हो. सगळ्यांत मोठ्याने भाऊ म्हणाला.