काल कालवण कुठं कुठं गेलं?

गोफणे सर कुठल्याही घरी गेले, की माणसं किती हे आधी विचारत नसत. पडवीत बसून तांब्याभर पाणी पीत आणि म्हणत, "काल कालवण कशाचं केलंतं? आन् कुठं कुठं गेलं?" बायका पदर तोंडाला लावून हसत आणि सगळं सांगून टाकत. सर बारामतीच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचे. वर्गात पुस्तकी बोलत, वस्तीवर पाऊल ठेवलं की आपल्या गावचे, सणसरचे होत.

ब्याण्णव-त्र्याण्णवचा सुमार असेल. त्यांच्या पाहणीत मी मदतनीस होतो. एकत्र राहणाऱ्या आणि वाटण्या झालेल्या घरांत जिव्हाळा कुठं जास्त, ते बघायचं होतं. मला वाटे, एकत्र घरातच जास्त असणार, यात बघायचं काय? त्याआधी तीन वर्षं थोरल्या भावाशी भांडून मी वडगाव निंबाळकरचं घर सोडलं होतं. बायकोला घेऊन बारामतीत राहत होतो, आई भावाकडे. घर मी मोडलं, हे मनातून जात नव्हतं आणि तोंड दाखवायचा धीरही होत नव्हता.

चिठ्ठ्या टाकून घरं निवडली, त्यात नेमकं भावाचं घर निघालं. मी गेलोच नाही. एस.टी. स्टँडवर चहा पीत फॉर्म मीच भरला. विभक्त भावाशी संबंध : नाहीत.

सर फॉर्म चाळताना थांबले. "ह्या घरात चूल पेटत न्हाय व्हय रं? कालवणाची जागा कोरीच हाय."

मी खरं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. "आडनाव वाचलं तवाच वळाखलं. जा, इचारून ये. माफी मागाया जाऊ नगं, ती जड जाती. नुसता फॉर्म भराया जा."

गेलो. भाऊ उसाला पाणी द्यायला गेला होता. वहिनी दारात आली. मी कागद पुढं धरून मान खाली घालून विचारलं, "काल कालवण कशाचं होतं?"

"शेंगोळी केली हुती. निम्मी तुमीच खाल्ली की, भावजी!"

आदल्या दिवशी जेवताना मी बायकोला म्हणालो होतो, शेंगोळी अगदी घरच्यासारखी झालीय. तिनं हसून आणखी वाढली होती. तीन वर्षं दुधाच्या गाडीवरून वहिनीचा डबा बायकोकडं येत होता आणि परत जाताना कधी रिकामा जात नव्हता. "ह्येबी रोज इचारत्यात, डबा पोचला का म्हून," वहिनी म्हणाली. सगळ्यांना माहीत होतं, मी सोडून.

आतून आईचा आवाज आला, "फारम भरून झाला आसंल तर म्हणावं आत ये."

पाहणी संपली तेव्हा सरही चकित झाले. आम्ही फिरलो त्या वस्त्यांत वेगळ्या झालेल्या घरांमधलीच देवघेव जास्त निघाली. सर म्हणाले, "एका चुलीवर कोन कुनाला वाटी न्हेऊन देतंय? वायलं झाल्यावर मानूस आठवनीनं देतंय." ते ऐकून मला पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला.

सर आता नाहीत. वडगावहून परतून मी खरा फॉर्म दिला, तेव्हा त्यांनी तो उघडलाही नव्हता. एवढंच विचारलं, "आई कशी हाय?"

या प्रश्नाला तीन वर्षं मी "बरी आहे" असं ठोकून देत आलो होतो.

"डाव्या कानानं कमी ऐकू येतं, सर," मी म्हणालो. "उजवीकडं बसून बोलावं लागतं."